दुसऱ्यांच्या डोजोत जाशील तेव्हा

मुलुंड (प.), १२ एप्रिल

चि. मुग्धा,


तुझा बेत कळला. मेच्या सुट्टीत ओसाकाहून क्योटो, तिथून टोकियो, आणि जाशील तिथे डोजो, म्हणजे तुमची ती तलवारबाजीची तालीम, शोधून केंडोचा सराव करणार. तुझे काका म्हणाले, "लोक सुट्टीत देवळं बघतात, ही पोरगी मार खायला निघाली." त्यांचं मनावर घेऊ नकोस. रात्री त्यांनीच मोबाईलवर नकाशा काढून ओसाका ते क्योटो किती लांब ते बघितलं आणि "हे तर मुलुंडहून विरारला जाण्याएवढंही नाही" म्हणून निवांत झोपी गेले.

मी मात्र निवांत नाही. फोन ठेवता ठेवता "डावी टाच जरा दुखते, पण विशेष काही नाही" असं पुटपुटलीस ना, ते माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्या घरातलं "विशेष काही नाही" मी चांगलं ओळखते. डाव्या पायाने अंग पुढे ढकलायचं आणि उजवा जमिनीवर दाणकन आपटायचा, म्हणजे सगळा भार त्या डाव्या टाचेवरच्या शिरेवर. केंडोवाल्यांची ती शीर तुटते, हे तूच मला सांगितलं होतंस. अंधेरीच्या त्या भाड्याच्या हॉलच्या फरशीवर दोन तास पाय आपटून आलीस की बर्फाची पिशवी धरून मीच बसायचे. आता तिथे बर्फ धरायला कोण आहे?

म्हणून पहिलं हेच सांगते, आणि पुढेही हेच येईल, कंटाळू नकोस. परक्या डोजोत पाऊल टाकलंस की आहेस तेवढीच दिस. टाच दुखत असेल तर कपडे बदलायच्या आधी तिथल्या सेन्सेईंना, म्हणजे गुरूंना, सांग. तुझी पायरी पहिला डान, तर पहिला डानच सांग. मधे तीन महिने सराव बुडाला असेल तर तेही सांगून टाक. नव्या ठिकाणी माणसाला थोडं ताठ चालावंसं वाटतं, ते काही पाप नाही. पण तुला कुणीतरी हमखास विचारणार, "भारतात केंडो आहे?" आणि तुला वाटणार, आता अख्ख्या देशाची अब्रू माझ्या खांद्यावर. नाहीये गं बाळा. तुझ्या खांद्यावर चिलखताची पिशवी आहे तेवढी पुरे.

तुझे आजोबा तुला फारसे आठवत नसतील. आबा भांडुपच्या कारखान्यात नोकरी करायचे, पण सुट्टीत गावी गेले की कोल्हापूरला जाऊन गंगावेस तालमीत जोर केल्याशिवाय परतायचे नाहीत. त्यांचा एक क्रम ठरलेला असे. आधी हौदातली चिमूटभर लाल माती कपाळाला, मग वस्तादांना नमस्कार, मग "कुठल्या तालमीतले?" असं विचारलं की आपल्या वस्तादांचं नाव. स्वतःचं नाव सगळ्यांत शेवटी, तेही विचारलं तर. वस्ताद ज्याच्याकडे बोट दाखवतील त्याच्याशी लढायचं, मग तो मिसरूड न फुटलेला पोरगा का असेना. एका वर्षी त्यांच्या गुडघ्यात लचक होती. त्यांनी ती उतरण्याआधीच सांगितली, तर वस्तादांनी त्यांना हौदाच्या काठावर बसवलं आणि सकाळभर पोरांचे डाव बघायला लावले. मग थंडाई पाजली. आबा ती सकाळ म्हातारपणापर्यंत सांगत राहिले: कोणाचा पट कसा निघाला, कोणी ढाक कशी मारली. स्वतः किती कुस्त्या मारल्या हे मात्र त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. तुमच्याकडेही नुसतं बसून बघण्याला सरावच म्हणतात ना? मग टाचेसाठी एखादा दिवस काठावर बसायला लाजायचं कशाला?

हे सगळं आपल्याच मातीतलं आहे असं समजू नकोस. काकांनी परवा मला एक गंमत वाचून दाखवली. १८५३ साली सागा संस्थानातला मुता बुन्नोसुके नावाचा तरुण तलवारबाज दोन वर्षं जपानभर हिंडला. सिनेमात कसं दाखवतात, असा माणूस दार लाथेने उघडतो, आव्हान देतो आणि डोजोची पाटी उचलून नेतो. याच्या रोजनिशीत तसलं काही नाही. निघायला संस्थानाची परवानगी, उतरायला अशा फिरत्या विद्यार्थ्यांसाठी ठरलेली उतारशाळा, तिचा खर्च बऱ्याचदा यजमान संस्थानाकडे. दिवसा चिलखत घालून बांबूच्या तलवारीने तिथल्या सगळ्यांबरोबर सराव, रात्री साके आणि गप्पा. ज्यांच्याशी गाठ पडली त्यांची नावं एका वहीत लिहून घ्यायची. मला तो माणूस फार आवडला. तूही एक वही ठेव. त्यात नाव, गाव आणि त्यांनी तुला सांगितलेली एखादी गोष्ट लिही. कोणी किती वेळा डोक्यावर मारलं याचा हिशोब नको.

क्योटोला मेच्या सुरुवातीला जाणार असशील तर बुतोकुडेन चुकवू नकोस. हेइआन देवळाजवळची १८९९ची लाकडी इमारत. दरवर्षी त्या दिवसांत वरच्या डानांची, पांढऱ्या केसांची माणसं तिथे जोडीजोडीने उभी राहतात. तिथे तुला फक्त बघायचं आहे, तुझी बांबूची शिनाई पिशवीतच राहू दे. टोकियोत नोमा डोजोचं नाव तू घेतलंस. कोदान्शा या प्रकाशन संस्थेच्या सेइजी नोमांनी तो १९२५ साली बांधला. बादशहासमोर १९२९ साली झालेले सामने जिंकणारे मोचिदा मोरिजी तिथे शिकवायचे. पुढे ते दहाव्या डानापर्यंत गेले. आता तो डान कुणाला देतच नाहीत. जुनी इमारत पाडली, पण सकाळचा सराव आणि त्याला बाहेरच्या गटांतल्या माणसांनी येण्याची रीत टिकून आहे. तरी आगंतुकासारखी दारात उभी राहू नकोस. आधी पत्र टाक, तुझ्या ओसाकाच्या सेन्सेईंना दोन ओळी लिहून द्यायला सांग. आपल्याकडेसुद्धा ओळखीचं माणूस सोबत असलं की चहा लवकर येतो.

वेळेच्या आधी पोच. जमीन पुसायची असेल तर फडकं हातात घे, सांगायची वाट बघू नकोस. ओळीत दाराकडच्या टोकाला बस. वर बसवायचं असेल तर ते स्वतः बोलावतील. खाली बसलेल्याला वर बोलावतात तेव्हा सगळ्यांना बरं वाटतं, वर बसलेल्याला खाली सरकायला सांगायची वेळ आली तर कोणालाच नाही. मोठ्या सेन्सेईंसमोरची रांग लांब असते, म्हणून आधी पळत जाऊन उभी राहा. तो सराव कधी थांबवायचा हे त्यांनी ठरवायचं. तिथली रीत तुमच्या अंधेरीच्या रीतीपेक्षा वेगळी निघेल. "आमच्याकडे असं नाही करत" हे वाक्य विमानतळावरच ठेवून जायला हवं होतंस, पण अजून जवळ असलं तर ओसाकात ठेव. सगळं संपल्यावर ज्यांच्याशी खेळलीस त्यांच्यासमोर गुडघे टेकून आभार मानायला जाशील, तेव्हा प्रत्येकजण काहीतरी सांगेल. ऐकून घे. तुझा "पण" मला लहानपणापासून माहीत आहे.

शिनाई तपासून ने हे सांगायची खरं तर गरज नाही, तरी सांगते. इथे असताना गॅलरीत पेपर पसरून तू ती सोडून बसायचीस. चारी पट्ट्या वेगळ्या करून एकेकीच्या कडेवरून बोट फिरवायचीस, कुसळ लागलं की थांबायचीस, चाकूने हलके तासायचीस, मग पॉलिश पेपर, मग तेल. मी एकदा खोबरेलची बाटली पुढे केली तर केवढी ओरडली होतीस! तेव्हाच मला कळलं की हा खेळ दुसऱ्याच्या डोळ्यांना जपण्याचा आहे. एक बारीक कुसळ तुटून समोरच्याच्या मुखवट्याच्या जाळीतून आत गेलं तर जन्माचं होतं. परक्या माणसाने तुझ्यासमोर उभं राहून डोकं पुढे करायचं, ते याच भरवशावर. तुझे निळीचे हातमोजे पावसाळ्यात वाळत घातले होते त्याचा डाग भिंतीवर अजून आहे. काका रंगारी बोलवायचा म्हणतात, मी टाळते आहे.

आणि हे बघ, तू एकटी जाणार. "तिथे सगळं सुरक्षित असतं" हे मला सांगू नकोस. डोजोचा पत्ता, किती वाजता सुटणार, शेवटची गाडी कुठली, हे मैत्रिणीला कळवून ठेव. मुलींना कपडे बदलायला जागा आहे का हे आधीच विचारायला संकोच करू नकोस. सरावानंतर जेवायला नेतील, आनंदाने जा, पण तुला पिणं नको असेल तर नाही म्हण. कोणी जास्त आग्रह केला तर टाचेचं औषध चालू आहे म्हण. आहेस तेवढीच दिस असं मीच सांगितलं, त्यात एवढी सूट चालते.

इकडचं काय सांगू. पाच रस्त्याला हापूस आलाय, भाव विचारून पुढे जातो. परवा कालिदासला नाटक बघितलं, पहिला अंक बरा होता. घाटकोपरच्या मावशीची शस्त्रक्रिया नीट झाली, ती आता मेट्रोने वर्सोव्याला नातवाकडे एकटी जाते. मेट्रोच्या स्टेशनावर तपासणीच्या यंत्रातून तुझी लांबलचक पिशवी निघाली की पोलीस थांबवायचा, आणि तू उघडून दाखवत "बांबू आहे, काका" म्हणायचीस, ते मावशी सगळ्यांना सांगत असते. तिला वाटतं तू ऑलिंपिकला जाणार आहेस. केंडो ऑलिंपिकमध्ये नाही हे तिला मी सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

निघायच्या आधी टाच डॉक्टरांना दाखव. ते काय म्हणाले ते जसंच्या तसं लिही, तुझ्या चाळणीतून गाळून नको. विश्रांती सांगितली तरी क्योटोला जाच, सेन्सेईंना खरं सांगून भिंतीपाशी बस आणि वहीत भरपूर लिही.

आज पार्सल टाकलं. मेतकूट आणि लसणाची चटणी तुझी. लोणावळ्याच्या चिक्कीची पाकिटं मात्र डोजोंसाठी आहेत, छोटी छोटी मुद्दाम घेतली म्हणजे वाटायला सोपी. ती वाटेत संपवू नकोस.

तुझी,
शालू आत्या