रविवार, 11 ते 5

फ्लॅटचा ताबा मिळतो, पोलिसांनी उचलून नेलेल्या गाडीचा ताबा परत घ्यावा लागतो आणि घटस्फोटानंतर मुलाचाही ताबाच मिळतो. वेगळा शब्द घडवावा असं आपल्याला कधी वाटलं नाही. ज्याला ताबा मिळत नाही त्याच्या वाट्याला 'ॲक्सेस' येतो, म्हणजे ठरलेल्या वेळेपुरती भेट. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कुटुंब न्यायालयात हा शब्द मराठी झालेला आहे.

घाटकोपरच्या मेट्रो स्टेशनवर एका रविवारी पाहिलेलं सांगते. आठ-नऊ वर्षांची मुलगी, पाठीला सॅक. आई अंधेरीहून सोडायला आलेली, वडील मुलुंडहून घ्यायला. आई मुलीला म्हणाली, "पप्पांना सांग, जेवल्यावर खोकल्याचं औषध द्यायचंय." पप्पा दोन हातांच्या अंतरावर उभे होते. मुलीने मान वळवून निरोप शब्दन् शब्द पोचवला. "मम्मीला सांग, देतो." तिने तोही पोचवला. चेहऱ्यावर काही नाही. रोजचं काम असल्यासारखी. माझ्या डोक्यात राहिली ती त्या मुलीची सफाई.

कायद्याच्या मराठीत अठराच्या आतल्या मुलाला 'अज्ञान' म्हणतात. घरात काय बिनसलंय ते बहुतेक वेळा या अज्ञानालाच सगळ्यांत आधी कळलेलं असतं! 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम 6 म्हणतं, नैसर्गिक पालक वडील आणि त्यांच्या 'नंतर' आई. पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईजवळ असावं. लेखिका गीता हरिहरन यांनी 1984 मध्ये मुलाच्या नावे रोखे घेण्यासाठी अर्ज केला, तेव्हा रिझर्व्ह बँकेने वडिलांची सही मागितली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1999 मध्ये न्यायालयाने 'नंतर' या शब्दाचा अर्थ ताणला: वडिलांच्या मृत्यूनंतरच असं नव्हे, त्यांच्या गैरहजेरीतही. शब्द मात्र कायद्यात तसाच राहिला. तो काढून आई-वडिलांना एका पातळीवर आणा, असं विधी आयोगाने 1989 मध्ये सांगितलं होतं आणि मे 2015 च्या 257 व्या अहवालात पुन्हा सांगितलं. त्याच अहवालाने संयुक्त ताब्याची वाट कायद्यात असावी असंही सुचवलं.

संयुक्त ताबा म्हटलं की दोन पक्ष पडतात. वडिलांच्या संघटना निम्मे दिवस मागतात. त्याआडून पोटगी कमी करून घेतली जाईल, ही भीती बायकांच्या मनातून जात नाही. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण दोघेही मोजतात ते दिवसच. मुंबईच्या उपनगरात नुसते दिवस मोजून भागत नाही. बोरिवली आणि मुलुंड नकाशावर शेजारी वाटतात. मध्ये सबंध राष्ट्रीय उद्यान आहे. लोकलने जायचं तर दादरला उतरून गाडी बदला. आई बोरिवलीत, वडील मुलुंडला आणि आठवडा अर्धा अर्धा वाटलेला, तर सकाळी सातची शाळा गाठायला त्या मुलाने कितीला उठायचं? त्यात दोन्ही घरं वन बीएचके, एकात आजीचं दुखणं. संयुक्त ताब्याचा परदेशातला नमुना इथे जसाच्या तसा चालणार नाही.

म्हणून निम्म्या-निम्म्याचा आग्रह मला पटत नाही. त्याहून वाईट मात्र रविवारचा बाप. 11 ते 5 मध्ये मॉल, पिझ्झा, एखादा सिनेमा. सहा तास लाड करून माणूस पाहुणा होतो, पालक होत नाही. पालकपण आठवड्याच्या मधल्या दिवसांत असतं: भागाकार चुकतो तिथे, ताप मोजताना, युनिफॉर्मचं बटण तुटल्यावर. निकालपत्रात किंवा समझोत्याच्या अटींत तासांइतकीच ही कामं लिहिली पाहिजेत. बुधवारची शिकवणी कोणाकडे, दातांच्या डॉक्टरकडे कोण नेणार, शाळेच्या पालकसभेला कोण बसणार. आणि मुलगा चौदाचा झाला की क्रिकेटच्या मॅचपुढे दोघांच्याही रविवारांनी माघार घ्यायची, हेही.

यात एक अट मी घालीन. जिथे मारहाण झाली आहे तिथे 'दोघांनी मिळून' हा उपदेश कुणी करू नये. तिथे भेट न्यायालयाच्या देखरेखीतच बरी.

बाकी ठिकाणी जे चालतं त्याला मी ओलीस धरणं म्हणते. पोटगी थकली म्हणून भेट बंद. भेट मिळाली नाही म्हणून पोटगी बंद. कायद्याच्या लेखी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोटगी मुलाच्या पोटासाठी आहे आणि भेटही त्याच्यासाठीच. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये यशिता साहू खटल्यात मुलाचा दोन्ही पालकांच्या मायेवरचा हक्क मान्य केला आणि दूर असलेल्या पालकाला फोनवर, व्हिडिओ कॉलवर बोलू द्यावं असंही म्हटलं. पण मूल व्हिडिओवर बोलत असताना दुसरा पालक मागे उभा राहून ऐकत असेल, तर त्या वीस मिनिटांत "जेवलास का" पलीकडे काही सरकत नाही.

शाळा यात हात झटकतात. अनेक फॉर्मांवर पालकाच्या मोबाइलसाठी एकच रेघ असते. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच एक नंबर जातो आणि स्नेहसंमेलनाची तारीख दुसऱ्या पालकाला मुलाकडूनच कळते, कधी कार्यक्रम होऊन गेल्यावर. न्यायालयाने मनाई केलेली नसेल तर दुसरा नंबर घ्यायला कुठला कायदा आड येत नाही. तुम्ही वर्गशिक्षक असाल किंवा त्या ग्रुपचे ॲडमिन, तर उद्याच तो मागून घ्या. निरोप पोचवण्याचं त्या मुलीचं एक काम तरी कमी होईल.