समानार्थ आणि निवाडा

प्रगत इंग्रजी शब्दसंपदा वाढविण्यासाठी सिद्ध केलेल्या पुस्तकांची मांडणी ठरलेली असते : शब्द, व्याख्या, काही समानार्थी, एखाददुसरा विरुद्धार्थी. या मांडणीत 'फर्म', 'ऑब्स्टिनेट' आणि 'पिगहेडेड' हे शब्द एकाच कुळातले ठरतात. बर्ट्रंड रसेल यांनी 1948 साली बीबीसीच्या 'ब्रेन्स ट्रस्ट' या कार्यक्रमात नेमके हेच शब्द अनुक्रमे मी, तू आणि तो यांना लावून दाखविले होते. वर्तन तेच, परंतु स्वतःचे असले की तो निर्धार, समोरच्याचे असले की हट्ट आणि अनुपस्थिताचे असले की निव्वळ मूर्खपणा.

या उदाहरणाकडे केवळ विनोद म्हणून पाहणे पुरेसे नाही. तिन्ही शब्द म्हणजे एकाच अर्थाचे तीन पोशाख, असे मानले तर वर्णन आधी होते आणि मूल्यमापन त्यावर मागाहून चढविले जाते, हेही मान्य करावे लागते. वस्तुतः असा मूल्यनिरपेक्ष गाभा हाती लागत नाही. एखाद्यास 'ऑब्स्टिनेट' म्हणणारा त्याच्यापुढे मांडलेली कारणे पुरेशी होती, असा निवाडाही त्याच शब्दात देऊन टाकतो. 'फर्म' म्हणणारा नेमका हाच निवाडा नाकारीत असतो. तेव्हा मतभेद शब्दाविषयी नसून कारणांच्या बळाविषयी आहे, आणि समानार्थी शब्दांची यादी तोच झाकून टाकते.

पीटर मार्क रोजे यांच्या 1852 च्या 'थिसॉरस'वर हा आक्षेप तितकासा लागू पडत नाही. त्यांनी शब्द वर्णानुक्रमाने नव्हे, तर कल्पनांनुसार लावले. कल्पना मनात आहे, पण शब्द सुचत नाही, अशा लेखकासाठी तो ग्रंथ होता. शब्दसंपदेच्या पुस्तकाने हा क्रम उलटविला : शब्द आधी, आणि तो वापरण्याचा प्रसंग पुढे कधीतरी (बहुधा परीक्षेत).

वामनाने पर्याय न साहणाऱ्या पदरचनेला 'शब्दपाक' म्हटले. ती कसोटी काव्याची होती. पण दुसऱ्या माणसाविषयी बोलताना ती अधिकच कठोर व्हावयास हवी, कारण तेथे चुकलेल्या पर्यायाने ओळ नव्हे, माणूस बिघडतो.

विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न अमेरिकेतील सॅट परीक्षेतून 1994 साली आणि जीआरईतून 2011 साली वगळले गेले. भारतातील स्पर्धापरीक्षांत ते टिकून आहेत. 'ऑब्स्टिनेट'चा विरुद्धार्थी कोणता? कारणे पटल्यावर मत बदलणारा 'अमेनेबल', की कारणांवाचूनच वाकणारा 'स्पाइनलेस'? पहिला गुण आहे, दुसरा दोष. उत्तरपत्रिकेवर मात्र खूण एकाच चौकटीत करावयाची असते.