हात निवांत पोचावा म्हणून

बसा निवांत. गाडी आज विकत घ्यायची नाही, बनवायचीही नाही. नेमबाजीचं सामान रेंजवर नेणाऱ्या गाडीचा फक्त विचार करायचा आहे, आणि तोही उलट्या बाजूनं. चाकापासून नव्हे, गोळी सुटते त्या क्षणापासून. तिथून एकेक पाऊल मागे येत आपण चाकापर्यंत पोचू.

पन्नास मीटरवरचं रायफलचं लक्ष्य डोळ्यांपुढे आणा. त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. मध्यापासून त्याची कड ५.२ मिलिमीटरवर. आता हेच अंतर रायफलवर आणून मोजा. डोळ्यापासून नळीच्या टोकापर्यंत साधारण एक मीटर धरलं, तर टोक जेमतेम एक दशांश मिलिमीटर सरकतं आणि नेम वर्तुळाच्या मध्यावरून कडेला जातो.

हा आकडा मनात थोडा राहू द्या.

आता उजव्या हाताची मूठ घट्ट आवळा. एखादी जड पेटी उचलून चालताना आवळतो तशी. धरून ठेवा. दंड भरून येईल, मनगटाच्या आतल्या शिरा ताठ होतील. आता सोडा, हात समोर धरा आणि बोटं पसरा. बोटांची टोकं पाहा. ती जी बारीक थरथर दिसते, ती प्रत्येकाच्या हातात असतेच. थकलेल्या स्नायूंत ती वाढते. नाडीही चढलेली असते, आणि जॅकेट कितीही ताठ असलं तरी नाडीचा ठोका रायफलपर्यंत पोचतो. नेमबाज महिनोन् महिने श्वासावर काम करतात, ट्रिगरवरच्या बोटावर काम करतात. आणि स्पर्धेच्या सकाळी गाडीतळापासून फायरिंग पॉइंटपर्यंत वीस-पंचवीस किलो सामान दोन्ही हातांत घेऊन धापा टाकत पोचतात. हे पाहिलं की मला मनापासून वाईट वाटतं. मेहनत वर्षाची, आणि ती थोड्या अंतरात, नको त्या कामात, खर्ची पडते.

म्हणून गाडीची किंमत दुकानात कळत नाही. ती कळते फायरिंग पॉइंटवर, पहिल्या गोळीआधी हात समोर धरल्यावर.

एक पाऊल मागे या. त्या हातानं काय काय आणलं आहे? १ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधल्या शातोरूच्या रेंजवर स्वप्नील कुसाळेनं ऑलिंपिकचं कांस्यपदक मिळवलं, तो प्रकार पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्सचा. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा, तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. अंतिम फेरीत त्याचे गुण होते ४५१.४. गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभ्यानं, अशा तीन तऱ्हांनी त्यात नेम धरायचा असतो, आणि प्रत्येक तऱ्हा आपलं सामान मागते. गुडघ्यावर बसायचं तर पायाच्या घोट्याखाली घ्यायची गोल उशी. पालथं पडायचं तर चटई आणि हाताचा पट्टा. उभ्यासाठी चपट्या तळाचे बूट, कॅनव्हास आणि चामड्याची ताठ विजार, तसंच जॅकेट. तिपाईसकट दुर्बीण. रायफल नियमाप्रमाणे आठ किलोपर्यंत भरू शकते, तिची कडक पेटी वेगळी. त्याशिवाय काडतुसं, अवजारं, पाणी, डबा.

हवेच्या रायफलवाल्याचं ओझं कमी. तिथे बंदूक साडेपाच किलोंच्या आत असते आणि छर्रे खिशात मावतात. उलट उडत्या तबकड्या टिपणाऱ्या ट्रॅपवाल्याचा हिशेब बघा. पात्रता फेरीत १२५ तबकड्या, प्रत्येक तबकडीवर दोन बार काढायची मुभा. म्हणजे जास्तीत जास्त २५० काडतुसं. एका काडतुसात २४ ग्रॅम शिसं आणि वर टरफल, दारू, बूच. नुसती काडतुसंच नऊ किलोंच्या घरात जातात. ती छोट्या खोक्यांत असतात म्हणून हलकी वाटतात, पण गाडीच्या एका कोपऱ्यात रचली की गाडी तिकडेच ओढते.

तुमच्या सामानाची प्रत्येक वस्तू मनात एकेक करून जमिनीवर मांडा. घाई करू नका. प्रत्येकीला विचारा, ही आज खरंच येणार आहे का? बऱ्याच वस्तू सवयीनं येतात. त्या इथेच घरी राहू द्या. गाडी निवडण्याआधी ओझं निवडायचं, हा क्रम चुकला की माणूस मोठी गाडी घेतो, मोठ्या गाडीत आणखी सामान भरतो, आणि हात होता तिथेच राहतो.

आता आणखी मागे, मुठीपाशी. दोन चाकांच्या गाडीची दांडी हातात धरली आहे असं समजा. डब्यात तीस किलो आहेत. या ओझ्याचा मध्य बरोबर आसावर आला, तर हाताला जवळजवळ काहीच भार लागत नाही, फक्त ओढायचं. तोच मध्य आसापासून पंधरा सेंटिमीटर तुमच्याकडे सरकला आणि मूठ आसापासून एक मीटरवर असली, तर साडेचार किलो सतत हातावर राहतात. ते तुम्ही उचलूनच चालता आहात, गाडी असूनही. आणि मध्य मागे गेला तर बैलगाडी मागून जड भरल्यावर जू वर उचलतं, तशी दांडी उचलू पाहते आणि ती खाली दाबून धरावी लागते. जुने गाडीवान पोती चढवल्यावर आधी जू उचलून बघायचे आणि एखादं पोतं पुढेमागे करायचे. आपणही तेवढंच करायचं: जड वस्तू खाली आणि आसाच्या वर, हलक्या वस्तू टोकांना. जड पेटी वर ठेवली तर गाडी तिरकी करताच तिचा भार आसापलीकडे कलतो आणि सगळा तोल पुन्हा बदलतो.

इथे थोडं थांबू. आम्ही झाशीचे लोक तोलाचा विचार करताना किल्ल्याकडे बघितल्याशिवाय राहू शकत नाही. कडक बिजली ही तोफ आजही किल्ल्यात ठेवलेली आहे, भवानीशंकरही आहे. मार्च १८५८ मध्ये ह्यू रोजच्या इंग्रज फौजेनं वेढा घातला तेव्हा गुलाम गौस खान इथे तोफा चालवत होता. त्याची कबर किल्ल्यातच आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे त्या वेढ्यात शहरात अडकले होते, आणि त्यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकामुळे तो वेढा मराठी घरांत आजवर वाचला जातो. रणातल्या शौर्यावर आपण पुष्कळ बोलतो. मी किल्ल्यात जातो तेव्हा मात्र माझं मन तोफेखालच्या गाड्याच्या विचारात गुंततं. गाड्यावर चढवायच्या तोफेला दोन्ही बाजूंनी जाड खुंट असतात आणि ते गाड्याच्या खाचांत बसतात. खुंटांची जागा तोफेच्या तोलाच्या मध्याजवळ, किंचित पुढे. त्यामुळे शेकडो किलोंचं धूड दोन माणसं पहारीनं उचलतात, खाली पाचर सरकवतात आणि नेम वरखाली करतात. एवढा जड नेमही शेवटी माणसाच्या हाताला झेपेल अशा बेतानं बसवलेला असतो. ज्या सुतार-लोहारांनी असे गाडे बांधले त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत, याची मला खंत आहे.

किल्ल्यावरून खाली या. आता चाकं.

झाशीतल्या इलाइट चौराह्याच्या एका कडेला, रहदारीपासून दूर, मनानं उभे राहा. सकाळची वेळ घ्या, ऊन चढायच्या आत. माणसांकडे बघू नका, दुकानांच्या पाट्यांकडे बघू नका. फक्त चाकं बघा. ई-रिक्षाची छोटी जाड चाकं. मोटारसायकलींची. स्टेशनाकडे निघालेल्या प्रवाशाच्या बॅगेची प्लॅस्टिकची चिमुकली चाकं, खडबडीत जागी अडकणारी आणि शेवटी उचलून न्यावी लागणारी. आणि केळी-पेरूंचा ठेला, सायकलच्या चार मोठ्या चाकांवर. तोच खड्डा, तोच खडा, आणि ठेला त्यावरून जातो. वळताना मात्र ठेलेवाल्याला मागची बाजू जोर लावून फरपटवावी लागते, कारण चारही चाकं सरळच बघत असतात.

या दृश्यातलं गणित करून बघण्यासारखं आहे. वाटेत अडीच सेंटिमीटर उंचीचा दगड आहे. चाक दहा सेंटिमीटर व्यासाचं असेल, तर ते अडलेल्या जागेवरून वर चढवायला त्या चाकावरच्या भाराच्या पावणेदोन पट जोर आडवा लावावा लागतो. चाक तीस सेंटिमीटरचं असेल, तर त्याच दगडाला भाराच्या दोन तृतीयांश जोर पुरतो. सामान तेच, माणूस तोच. मोठं चाक हे थकवा कमी करण्याचं सगळ्यात स्वस्त साधन आहे, असं माझं ठाम मत आहे. चकचकीत पेटी आणि कप्पे नंतर.

अमेरिकेत मातीच्या तबकड्यांवर नेम धरणारे काहीजण बाळाला घेऊन धावायची तीन चाकी गाडी सामानासाठी वापरतात, काहीजण गोल्फच्या पिशवीची ट्रॉली. दोन्हींना मोठी चाकं, ब्रेक, आणि घडी होणारा सांगाडा असतो. झाशीत एवढं शोधायलाही नको. लहान मुलांच्या सायकलला येतात ती बारा इंची चाकं, म्हणजे तीस सेंटिमीटरच्या आसपास, सायकलच्या दुकानात मिळतात. लोखंडी चौकोनी नळ्यांचा सांगाडा कुठलाही वेल्डर जोडून देतो. अ‍ॅल्युमिनियम हलकं, पण त्याचं वेल्डिंग सगळ्यांना जमत नाही, आणि रस्त्यात तुटलं तर लोखंड कुठेही जोडून मिळतं. हवेची चाकं मऊ चालतात, पण बुंदेलखंडात बाभळीचे काटे पायवाटेवर असतातच. सोबत ठिगळं आणि पंप ठेवा, नाहीतर भरीव रबराची चाकं घ्या आणि हादरे सहन करा. हादऱ्यांचा त्रास रायफलच्या साइटला होतो, म्हणून पेटीखाली जाड फोम हवाच.

गाडी मनात ढकलून पाहा. आवाज ऐका. आस खडखडतो का, पट्ट्याची कडी सांगाड्यावर आपटते का? रेंजवर शेजारी कुणीतरी श्वास रोखून उभं असतं. खुळखुळणारी गाडी घेऊन त्याच्या मागून जाणं मला अक्षम्य वाटतं. वंगणाचे दोन थेंब आणि लोंबणाऱ्या कडीभोवती कापडाची पट्टी, एवढ्यानं काम होतं.

आगगाडीचा प्रवास असेल तर विचार थोडा बदलतो. पुण्याहून झेलम, मुंबईहून पंजाब मेल, दोन्ही झाशीवरून दिल्लीकडे जातात. १९८२ च्या आशियाई खेळांसाठी बांधलेल्या तुघलकाबादच्या डॉ. कर्णीसिंह रेंजवर निघालेली महाराष्ट्रातली मुलं आमच्या फलाटावरून पुढे जातात. त्यांना घडी होऊन बर्थखाली सरकणारी गाडी लागते, आणि पादचारी पुलाच्या पायऱ्यांवर ती हातानं उचलावी लागते. मग तीस सेंटिमीटरच्या चाकाऐवजी वीसवर भागवावं लागतं. जे रोज एकाच रेंजवर जातात त्यांनी ही तडजोड करू नये.

आता एक गोष्ट अशी, की जिथे मनन थांबतं आणि नियम सुरू होतो. शहरातून जाताना बंदूक बंद पेटीत, पेटी कुलपात, परवाना जवळ. काडतुसं वेगळ्या डब्यात. रेंजवर मोकळी बंदूक गाडीच्या आधारावर उभी ठेवायची वेळ आली, तर बोल्ट उघडा, काडतुसाच्या घरात सुरक्षेची झेंडी, नळी आभाळाकडे, आणि खाच अशी की धक्का लागला तरी बंदूक आडवी होणार नाही. दोन चाकांच्या गाडीला मागे पक्का पाय हवा तो यासाठी. डबा आणि पाणी काडतुसांच्या कप्प्यात कधीही ठेवू नका. शिशाची धूळ बोटांना लागते, बोटांवरून पोळीला. हात धुतल्याशिवाय खायचं नाही, आणि गाडीतसुद्धा खाण्याचा कप्पा वेगळाच असावा. मुलांच्या बाबतीत याला सूट नाही.

हे सगळं बघून झालं असेल तर दांडीकडे परत वळा, कारण तिची लांबी अजून ठरवायची आहे. सरळ उभं राहा, हात सैल सोडा. खांदा न उचलता, पाठ न वाकवता मूठ जिथे येते तिथेच दांडी यावी. नेमबाज मुलगी चौदा वर्षांची असेल तर ही उंची वर्षभरात बदलते. दोन नळ्या एकात एक सरकणाऱ्या करा, भोकं पाडा, खीळ घाला. वेल्डरचं अर्ध्या तासाचं काम.

आणि गाडी ओढू द्या त्या मुलीलाच. रेंजवर मी आईबाबांना ती ओढताना बघतो, मूल मागून मोकळं चालतं. मायेनंच होतं ते. पण तोल नीट साधलेल्या गाडीनं हात थकत नाही, मग ती तिच्याकडून काढून घ्यायचं कारण उरत नाही. आदल्या रात्री सामान तिलाच भरू द्या, काडतुसं आसावर आली का ते तिलाच दांडी उचलून बघू द्या. पहिल्या खेपेला एखादा पट्टा सैल राहील आणि चटई घसरून रस्त्यात पडेल. ती थांबेल, उचलेल, पट्टा आवळेल. तेवढा वेळ हाताशी ठेवून घरून निघा.