रिकामी टाकी आणि कारागिराचा होकार



जुनी गाडी जपण्याची हौस आपल्या खानदेशातही आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग धुळ्यात मिळतात; रस्त्याकडेला गॅरेजांना तोटा नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली एखादी प्रीमियर पद्मिनी वर्षानुवर्षे अंगणात उभी राहते. टाकीत ओलावा धरतो, पत्रा आतून गंजतो, गंजाची भुकटी कार्ब्युरेटरपर्यंत जाते. मग टाकी उतरवून धुवायची, गंज काढायचा आणि पडलेले भोक बुजवायचे. इथेच एक नैतिक प्रश्न उभा राहतो.

"टाकी रिकामी आहे, वेल्डिंग मारून द्या," असे आपण सहज म्हणतो. पण रिकामी टाकी रिकामी नसते. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती तळाशी, सांध्यांत, गंजाच्या पापुद्र्यांत दडून राहते. हवेत तिचे प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के असले की एक ठिणगी पुरते.

कारागीर म्हणतो, "काही होत नाही, साहेब." त्याने होकार दिला. मग आपली जबाबदारी संपली का?

ॲरिस्टॉटलने वादळातल्या जहाजाचे उदाहरण दिले आहे. जीव वाचवण्यासाठी खलाशी माल समुद्रात फेकतात. निर्णय त्यांचाच, पण वादळ नसते तर तो कोणी घेतला नसता. रोजच्या मजुरीवर घर चालवणाऱ्याचा होकार असाच असतो. त्यात धोका पुरता ठाऊक नसेल, तर तो होकार अर्धाच.

म्हणून त्याला काम देऊच नये का? त्यानेही त्याचे भले होत नाही. त्याचा होकार खरा व्हावा, हे पाहणे आपले कर्तव्य आहे. टाकीत पेट्रोल होते, हे स्पष्ट सांगावे. वाफ पूर्ण घालवण्याची सोय आहे तिथेच टाकी न्यावी आणि लागेल तो वेळ व पैसा द्यावा. सोय नसेल तर दुसरी टाकी बसवावी. कारागीर "नको" म्हणाला, तर त्याला घासाघीस करून भाग पाडू नये. नाही म्हणण्याची मोकळीक असेल, तरच हो म्हणण्याला अर्थ आहे.

हा प्रश्न गाडीपुरता नाही. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला सेप्टिक टँकमध्ये उतरवण्यास २०१३च्या कायद्याने बंदी आहे. "तो स्वतःच तयार झाला" ही सबब तिथे चालत नाही. आपल्या अंगणातही ती चालू नये. कुणाला काम सांगताना दराआधी एवढे विचारूया: हौस माझी, पण धोका कोणाच्या वाट्याला?

आपला,
फादर