आज्ञावलीखाली सही कोणाची?

करमाळा तालुक्यातील जेऊर हे पुणे–सोलापूर लोहमार्गावरचे गाव. अशा गावांतील मुलांनी शिकून पुणे गाठावे, संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्या कंपनीत लागावे, ही आता आपल्या घराघरांतली साधी आकांक्षा आहे. आज्ञावली लिहिण्याचे हे काम कृत्रिम बुद्धिमत्तेकडे जाऊ लागले असता त्यातील नीतीचा प्रश्न आपल्यालाही टाळता येणार नाही.

यंत्राकडून आज्ञावली लिहून घेण्याचा प्रयत्न जुनाच आहे. १९८१ साली फकीरचंद कोहली यांच्या पुढाकाराने पुण्यात टाटा समूहाचे संशोधन केंद्र स्थापन झाले. तेथील संशोधनातून ‘मास्टरक्राफ्ट’सारखी साधने घडली. कामाचा आराखडा माणसाने नेमका मांडायचा आणि ठरलेल्या नियमांनुसार यंत्राने त्यातून आज्ञा उतरवायच्या, अशी त्यांची रीत. आराखडा माणसाचा असल्याने चूक कोठे झाली हे शोधण्याची वाट मोकळी राही.

२०२१ साली आलेल्या ‘गिटहब कोपायलट’सारख्या साधनांची रीत निराळी आहे. असंख्य माणसांनी पूर्वी लिहिलेल्या आज्ञावलींवरून ती शिकतात आणि पुढे काय यावे याचा अंदाज बांधून लिहितात. अंदाज पुष्कळदा बरोबर ठरतो. चुकतो तेव्हाही तो तितकाच नीटनेटका दिसतो. २०२५ साली एम.ई.टी.आर. या अमेरिकन संस्थेने १६ अनुभवी जाणकारांची २४६ कामे अभ्यासली. अशी साधने वापरताना त्यांना १९ टक्के अधिक वेळ लागला. त्यांना मात्र आपला वेळ २० टक्के वाचला असेच वाटत होते! एका प्रयोगावरून साधने टाकाऊ ठरत नाहीत, पण आपल्या समाधानावर किती विसंबावे, हे त्यातून उमगते.

रुग्णाच्या औषधाची मात्रा वा विधवेच्या निवृत्तिवेतनाचा हिशेब चुकला, तर जाब कोणाला विचारावा? यंत्राला सदसद्विवेक नाही. सही माणसाचीच हवी आणि ज्याने वाचून पारखले त्यानेच ती करावी. ही पारख मात्र लहान आज्ञावली लिहून, चाचण्या घेऊन, दोष हुडकूनच येते. भिंत कोणीही रचो, तिला ओळंबा लावणारा गवंडी भिंती रचूनच तयार होतो. नवशिक्यांची नेमकी हीच कामे यंत्र आज चटकन उरकते. खर्च वाचतो म्हणून शिकाऊ मुलांना दार बंद केले, तर उद्याचा पारखी कोठून आणावा?

१९८१ सालीच, १४ सप्टेंबर रोजी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी मानवी श्रमावरील ‘लाबोरेम एक्झर्सेन्स’ हे परिपत्रक प्रसिद्ध केले. कामाचे मोल ते करणाऱ्या माणसावरून ठरते, हा त्याचा गाभा. त्या कसोटीवर शिकाऊ मुलाचे संथ, चुकतमाकत केलेले कामही मोलाचे ठरते, कारण त्यातून एक जबाबदार माणूस घडतो. कंपन्यांनी या घडणीचा खर्च आपले कर्तव्य मानावा. आणि आपणही घरी आलेल्या मुलाला पगाराचा आकडा विचारताना हेही विचारावे, “बाळा, ज्या कामाखाली तू सही करतोस, ते तुला समजते ना?”