इथला दगड तिथे

आधी टायरमधली थोडी हवा काढा. ग्रॅव्हल बाइकचं, म्हणजे खडीच्या वाटांसाठीच्या सायकलचं, टायर रुंद असतं, ४० मिलिमीटरच्या आसपास. ते टणक ठेवलं तर खालच्या खडीची प्रत्येक कुरबुर थेट मनगटांत येते. अंगठ्यानं दाबून पाहा, किंचित दबलं पाहिजे. वेग मोजणारं यंत्र असेल तर ते खिशात टाका. आज त्याचं काही काम नाही.

वाट इंग्लंडमधल्या डर्बीशरची आहे. अ‍ॅशबोर्न या बाजाराच्या गावातून ती उत्तरेला पार्सली हे इथवर जाते, सुमारे २१ किलोमीटर. १८९९ साली लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न कंपनीनं इथे रेल्वे आणली. ती दूध न्यायची, दगड न्यायची, थोडेफार प्रवासी न्यायची. १९५४ मध्ये नियमित प्रवासी गाड्या थांबल्या, पुढच्या दशकात मालगाड्याही गेल्या, रूळ उचलले गेले. १९७१ मध्ये तीच पट्टी ‘टिसिंग्टन ट्रेल’ या नावानं पायी चालणारे, घोडेस्वार आणि सायकलवाले यांच्यासाठी खुली झाली. इतिहास तूर्त इतका पुरे. पाय पेडलवर ठेवा.

पहिली दहा मिनिटं काहीच करू नका. फक्त श्वास ऐका. समोर रस्ता सपाट दिसतो. दोन्ही बाजूंना चुना-माती न लावता नुसते दगडावर दगड रचलेले बांध, त्यापलीकडे मेंढ्या, हिरवी कुरणं. डोळे म्हणतात, सपाट आहे. तरी गिअर एकेक करून हलका होत जातो आणि श्वास थोडा खोल जातो. म्हणजे चढ आहे. अ‍ॅशबोर्नपासून पार्सली हेपर्यंत तुम्ही सुमारे २०० मीटर उंच चढून जाणार आहात, पण तो चढ इतक्या लांबवर पसरलाय की डोळ्यांना तो सापडत नाही. पोटऱ्यांना सापडतो.

हा चढ असा का, यावर थोडं रेंगाळा. लोखंडाच्या रुळावर लोखंडाचं चाक अगदी सहज धावतं, आणि तितक्याच सहज घसरतं. पकड कमी. म्हणून आगगाडीला डोंगर झेपत नाही, आणि तिच्यासाठी डोंगरालाच वाकवावं लागतं. आपल्या बोरघाटात दर ३७ फुटांना एक फूट चढ आहे, आणि तेवढ्यासाठी कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं लागतात. (वडा खाण्याच्या नादात ते बघायचं राहून जातं.) टिसिंग्टनची वाट त्याहून खूप सौम्य आहे. इंजिनाला दम लागू नये म्हणून जे केलं, त्यामुळे आज तुम्हाला दम लागत नाही. इथे तुमच्या श्वासाची लय कोणा सर्वेअरनं सव्वाशे वर्षांपूर्वी आखून ठेवली आहे.

आता कटिंग येईल. दोन्ही बाजूंना चुनखडीच्या दगडाच्या भिंती वर चढतात, वारा एकदम पडतो, आणि खडीवरचा टायरचा आवाज मोठा होतो. मे महिन्यात या भिंतींच्या कपाऱ्यांत पिवळी काउस्लिप फुलं असतात. वेग कमी करा. ब्रेक नको, नुसते पाय सैल सोडा. इथे टेकडी होती, ती माणसांनी कापली. पुढे काही मिनिटांत भिंती खाली उतरतात आणि तुम्ही भरावावर येता. आता दोन्ही बाजूंना उतार, झाडांचे शेंडे तुमच्या खांद्याशी, वारा परत अंगावर. कटिंग खोदताना निघालेला दगड-मुरूम पुढच्या खळग्यात टाकायचा, म्हणजे दोन्ही कामं एकदम होतात. रेल्वे बांधणाऱ्यांचा हा जुना हिशेब. मघाशी टेकडीचा जो भाग तुमच्या वाटेतून कापलेला होता, तोच आता तुमच्या चाकांखाली आहे.

हे पुन्हा पुन्हा होऊ द्या. कटिंग, भराव. आत, वर. श्वास आत, श्वास बाहेर. मी यात ध्यानाचं काही तंत्र शोधत नाही, वाटच तशी आहे.

समोरून घोडा आला तर मात्र सगळं मनन बाजूला ठेवा. लांबूनच आवाज द्या, थांबा, त्याला जाऊ द्या. रविवारी इथे लहान मुलं, कुत्री आणि आइस्क्रीमवाले हात यांचीही गर्दी असते. शक्य असेल तर मधल्या वारी या.

हार्टिंग्टनला जुन्या स्टेशनची सिग्नल केबिन अजून उभी आहे. इथे ट्रेल सोडा आणि पश्चिमेला, हार्टिंग्टन गावातून पुढे हल्म एंडपर्यंत साध्या रस्त्यानं उतरा. मोटारींचा रस्ता आहे, तेव्हा डोळे उघडे. हल्म एंडला दुसरी एक मेलेली रेल्वे सुरू होते, आणि आपल्याकडच्या माणसानं इथे जरा जास्त वेळ थांबावं.

ही लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वे. १९०४ मध्ये सुरू झाली. रुळांमधलं अंतर अडीच फूट. तिचा इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. हा माणूस तरुणपणी भारतात जीआयपी रेल्वेत नोकरीला आला होता. बार्शीचा माल बैलगाडीनं बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला, येताना त्यानं पाहिला आणि तिथे छोटी रेल्वे घालायचा ध्यास घेतला. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे धावली. तिचे रूळही अडीच फुटांवर. वजन सगळ्या आसांवर सारखं वाटलं, तर हलक्या रुळावरूनही भरपूर माल जातो, हे त्यानं बार्शीला सिद्ध केलं. पुढे तीच लाइन पंढरपूरला गेली, लातूरला गेली, मिरजेला गेली, आणि आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांनी भरून वाहिली.

बार्शीला जे जमलं ते घेऊन तो इथे, मॅनिफोल्ड नदीच्या दरीत आला. इंजिनं बार्शीच्या वळणाची. डबे फिकट पिवळे, टोकांना व्हरांडे, आपल्या उन्हात शोभतील असे. इंग्लंडच्या भुरभुर पावसात ते कसे दिसत असतील, याची कल्पना करत करत पेडल मारा. कापलेला दगड पुढच्या भरावात जातो, तसा सोलापूर जिल्ह्यातला अनुभव इथे येऊन पडला. त्यावरूनच तुम्ही आता चालला आहात.

इथे खडी नाही, डांबर आहे. ग्रॅव्हलवाल्यांनी नाक मुरडायचं कारण नाही, कारण पुढचा भाग पाहण्यासारखा आहे. थोड्याच वेळात स्वेन्सलीचा बोगदा येतो, जेमतेम दीडशे मीटरचा. टेकडी अडवत होती म्हणून हा बोगदा झाला नाही. जवळच सर थॉमस वॉर्डल यांचं घर होतं, आणि घरातून आगगाडी दिसू नये अशी त्यांची इच्छा. हे वॉर्डल लीक गावचे रेशीम रंगवणारे कारखानदार. भारतातल्या टसर रेशमाचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला. रेल्वेत त्यांचे पैसेही होते. म्हणजे गाडी हवी, फक्त खिडकीत नको! अंधारात हसू आलं तर येऊ द्या. पण दिवा आधी लावा, कारण या टप्प्यात मोटारीही येतात.

वेटन मिलनंतर मोटारी सुटतात. इथे उतरा आणि नदीकडे पाहा. कोरड्या दिवसांत मॅनिफोल्ड नदी इथे दिसेनाशी होते. चुनखडीच्या भेगांतून ती जमिनीखाली शिरते आणि खाली इलमजवळ पुन्हा वर येते. पात्रात नुसते पांढरट गोटे. पाणी आहे, तुमच्या खाली आहे. काही मिनिटं तसेच उभे राहा. काही ऐकू येणार नाही, आणि यायला हवं असंही नाही.

पुढे डावीकडे, दरीच्या वर, थॉरची गुहा तोंड उघडून दिसते. मग बीस्टन टॉरचा कडा, मग हॅम्प्स नदीच्या कडेनं वॉटरहाउसेस. इथे मोठ्या रुळांची गाडी येऊन मिळायची, आणि तिचे भरलेले डबे तसेच्या तसे छोट्या गाड्यांवर चढवून आत दरीत नेले जायचे. ही युक्तीही इथे कॅलथ्रॉपनंच आणली.

बार्शी लाइटनं पैसा मिळवला. ही लाइन कधीच नीट मिळवू शकली नाही. तिचा मुख्य आधार दुधाचा होता. वाटेतल्या एक्टनची दुधाची डेअरी बंद पडली आणि मार्च १९३४ मध्ये शेवटची गाडी गेली. कंपनीनं जागा स्टॅफर्डशर कौंटीला देऊन टाकली, आणि १९३७ मध्ये तिची पायवाट झाली, ब्रिटनमधल्या अशा सर्वांत जुन्या वाटांपैकी एक. रेल्वे म्हणून ती ३० वर्षं चालली. वाट म्हणून ती त्याच्या दुपटीहून अधिक काळ चालू आहे.