‘वेबसाइटवर टाकलंय’ असं पुन्हा म्हणू नकोस

फोनवर मी गप्प राहिले, कारण तुझ्यासमोर माणसं बसलेली होती. चारचौघांत प्राचार्याला बोलणं बरं नव्हे. आता हे पत्र दार लावून घेऊन वाच, आणि शेवटपर्यंत वाच.

तू म्हणालास, “बाई, परीक्षेच्या अर्जाची सूचना वेबसाइटवर टाकलेली होती. त्या मुलीनं वेळेत पाहिली नाही, त्याला कॉलेज काय करणार?” काय करणार ते सांगते. त्याआधी कॉलेजनं काय केलं ते ऐक.

ती सूचना मी स्वतः उघडून पाहिली. तुझ्या कार्यालयात ती संगणकावर टाइप झाली. त्या क्षणी ती अक्षरं होती, आणि त्या मुलीला दिसत नसलं तरी तिच्या फोनमधल्या आवाजानं ती एका दमात वाचून दाखवली असती. मग तुम्ही त्या सूचनेची प्रिंट काढलीत. तू सही केलीस. गोल शिक्का मारला, कागद स्कॅनरवर ठेवला आणि त्याचं वाकडं, करडं चित्र वेबसाइटवर चढवलं. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर अशा चित्राला नुसतं ‘ग्राफिक’ म्हणतो, नाहीतर पान रिकामं आहे असं सांगून पुढे जातो. वाचता येत होती ती सूचना तुम्ही मेहनत करून वाचता न येण्याजोगी केलीत. चित्रातली अक्षरं ओळखणारी अ‍ॅप आहेत, हे मला सांगू नकोस. तेही करून पाहिलं. तुझा शिक्का नेमका तारखेवर उमटलाय.

तारीख गेली. विलंब शुल्क तिनं भरलं. तिची आई लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत मिरच्यांची देठं खुडते. तिथल्या एका दिवसाच्या मजुरीत ते शुल्क बसत नाही.

मुलीच्या हुशारीबद्दल शंका असेल तर ती आधी काढून टाक. ती परळहून एकटी लोकलनं येते. पूल चढते, उतरते, गर्दीतून वाट काढते. फोनवर बँकेचे व्यवहार करते. अडते ती फक्त तुझ्या कॉलेजच्या पानावर. प्रवेशाच्या अर्जात रकान्यांना नावंच जोडलेली नाहीत, त्यामुळे प्रत्येक रकान्याला तिला फक्त ‘एडिट, ब्लँक’ ऐकू येतं. नाव कुठे लिहायचं, जन्मतारीख कुठे? सूचनांच्या यादीत सगळ्या दुव्यांना एकच मजकूर, ‘येथे क्लिक करा’. कशासाठी करायचं? लॉगिनला वाकडीतिकडी अक्षरं ओळखायला सांगणारं चित्र, आणि त्याला ऐकण्याचा पर्याय नाही. अभ्यासक्रमाची जुनी मराठी टिपणं युनिकोडमध्ये नाहीत, जुन्या छपाईच्या फाँटात आहेत. डोळ्यांना ती मराठी दिसते, पण आत साठवलेले असतात भलतेच रोमन वर्ण आणि चिन्हं. फोन तेच वाचतो. अर्धा तास ती कचरा ऐकत बसली होती, कारण आपलंच काहीतरी चुकतंय असं तिला वाटत होतं. मला राग आला तो इथे. चूक तुझी, आणि स्वतःला दोष देत बसली ती!

तू उपाय सुचवलास, “शिपायाला सांगतो, तो वाचून दाखवेल.” म्हणजे तिला किती गुण पडले, कुठल्या विषयात राहिली, फी किती थकली, शिष्यवृत्ती का नाकारली, हे सगळं तिला शिपायाच्या तोंडून कळणार, तेही त्याला सवड असेल तेव्हा. तुझा निकाल असा कुणाकडून वाचून घ्यायला तू तयार झाला असतास? तिनं मदत मागितलेली नाही. तिला स्वतःला वाचायचंय.

३ डिसेंबरला दिव्यांग दिन म्हणून तुम्ही तिला व्यासपीठावर बोलावून शाल दिलीत. त्या कार्यक्रमाची पत्रिकासुद्धा चित्र होती. तीही मीच वाचून दाखवली.

अंध मुलांचं शिकणं नवीन आहे, आम्हाला माहीत नव्हतं, असं तू म्हणूच शकत नाहीस, कारण तू मुंबईत आहेस. दादरची कमला मेहता अंधशाळा १९०० साली सुरू झाली, ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा १९०२ साली. नॅब ही अंधांसाठीची राष्ट्रीय संघटना इथेच १९५२ मध्ये उभी राहिली. धोबीतलावला सेंट झेवियर्स कॉलेजात अंध विद्यार्थ्यांसाठीचं संसाधन केंद्र २००३ पासून चालू आहे. ते उभारणारे समाजशास्त्राचे प्राध्यापक सॅम तारापोरवाला यांना स्वतःला दिसत नाही. गिरगावातल्या तुझ्या कॉलेजातून तिथे चालत जाता येतं. तू प्राचार्य झाल्यापासून एकदा तरी गेलास का? तुझा एखादा कारकून तरी पाठवलास?

पैशाचं कारण तर काढूच नकोस. युनिकोडला पैसे पडत नाहीत. वर्डमधून थेट पीडीएफ करायला पैसे पडत नाहीत, उलट कागद आणि शाई वाचते. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणानं २००६ मध्ये त्याचं काम सुरू केलं, जेम्स टेह हा दुसरा अंध तरुण त्यात सामील झाला, आणि तो कुणालाही विनामूल्य मिळावा असं त्यांनी ठरवलं. पैसे तुम्ही खर्च केलेत ते मुखपृष्ठावर आपोआप सरकणाऱ्या फोटोंवर आणि कोपऱ्यातल्या त्या ‘अ+ अ-’ बटणावर. त्या बटणानं रिकामं चित्र बोलायला लागत नाही.

आणि हा चांगुलपणाचा प्रश्न नाही, कायद्याचा आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. अनुदानित कॉलेजात पाच टक्के जागा त्यानंच राखून ठेवल्या. जागा द्यायची आणि अर्ज भरता येऊ द्यायचा नाही, याला काय म्हणायचं? २०१७ च्या नियमांत तर स्पष्ट लिहिलेलं होतं, वेबसाइटवरची कागदपत्रं ईपब किंवा अक्षरं ओळखता येतील अशा पीडीएफमध्ये हवीत. यूजीसीनं २०२२ मध्ये उच्च शिक्षणसंस्थांसाठी सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सरकारलाच खडसावलं, की सुगम्यतेचे निकष नुसत्या शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, ते सक्तीचे करा. रतुरी स्वतः अंध आहेत आणि त्यांची याचिका २००५ ची होती. ३० एप्रिल २०२५ ला त्याच न्यायालयानं डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. प्राचार्यानं हे निकाल वाचायचे नाहीत तर कुणी वाचायचे?

सगळ्यात जास्त टोचलं ते वेगळंच. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सातव्या निकषात दिव्यांगांसाठीच्या सोयींचा प्रश्न होता. त्यात रॅम्प आणि स्वच्छतागृहाबरोबर सुगम्य वेबसाइट आणि स्क्रीन रीडर विचारलेले होते. तुझ्या अहवालात सगळ्यांपुढे ‘होय’ आहे, खाली तुझी सही आहे. रॅम्पचा फोटो जोडलायस. वेबसाइटचा पुरावा काय जोडलास? खोटं लिहून गुण मिळवलेले मी वर्गात कधी चालवून घेतले नाहीत. तुला ते पक्कं ठाऊक आहे.

आता काय करायचं ते लिहून घे. सोमवारी संगणकाचा पडदा बंद कर, माउस काढून ठेव, एनव्हीडीए लाव आणि तुझ्याच कॉलेजचा प्रवेशअर्ज भरून दाखव. कार्यालयातल्या कुणाला मध्ये घ्यायचं नाही. जिथे अडशील तिथे काय दुरुस्त करायचं ते तुझं तुलाच कळेल. त्याच दिवसापासून एकही सूचना स्कॅन करून चढवायची नाही. सहीचा कागद फायलीत राहू दे, वेबसाइटवर अक्षरं जाऊ देत. रेकॉर्ड केलेल्या व्याख्यानांना उपशीर्षकं घाल, तुझ्याकडे ऐकू न येणारी मुलंही आहेत आणि त्यांचं नाव अजून कुणी काढलेलं नाही. दुरुस्ती झाली की तिला बोलाव, मानधन दे आणि तपासून घे. ती ‘झालं’ म्हणेल तेव्हाच झालं.

आणि तिचं विलंब शुल्क परत कर. याच आठवड्यात. पावती तिच्या ईमेलवर पाठव, स्कॅन न केलेली.